पोराच्या बोलण्याची थकबाकी ठेवू नका

(पाली येथे पावसाळ्याआधी झालेल्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. बोलण्यातले शब्द शक्य तितके तसेच ठेवले आहेत.)

माझ्या आयांनो, बहिणींनो आणि मागे पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या सुनांनो, आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

मला भाषणाची सवय नाही. मी माझ्या गटाची कोषाध्यक्ष. मला हिशेब वाचता येतो, म्हणून हिशेबापासूनच सुरू करते.

आपल्या गटात एखादीचा हप्ता चुकला तर आपण काय करतो? पहिल्या महिन्यात विचारतो, "काय गं, काय झालं?" दुसऱ्या महिन्यात दोघी-तिघी तिच्या घरी जातो. तिसरा महिना आपण येऊच देत नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे, थकबाकी लहान असते तेव्हा फिटते, वाढली की घर बुडवते. दोनशे रुपयांच्या हप्त्याला आपण इतक्या जागरूक. आणि घरात दोन वर्षांचं पोर अजून "आई" म्हणत नाही, तिथे आपण काय म्हणतो? "बोलेल गं. घाई काय आहे?"

मी पण हेच म्हणत होते. माझीच गोष्ट सांगते.

माझा धाकटा. बाळंतपण व्यवस्थित झालं, वजन चांगलं, दूध चांगलं प्यायचा. आठव्या महिन्यात बसला, तेराव्या महिन्यात चालला. रडका नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "किती गुणाचं पोर, घरात आहे की नाही कळत पण नाय." मला पण बरं वाटायचं. मोठी लेक इतकी बडबडी होती, की हा शांत म्हणजे माझी सुटका. लावणीच्या दिवसांत त्याला बांधावर बसवलं की बसून राहायचा. घरी आल्यावर मोबाईलवर गाणी लावून दिली की मी भाकरी थापायला मोकळी.

दीड वर्षाचा झाला, शब्द नाही. हाताला धरून ओढायचा, जे हवं तिथे घेऊन जायचा. आम्ही म्हणायचो, "बघ कसा हुशार आहे, न बोलता सगळं समजावतो." सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा बाप तीन वर्षांनी बोलला." शेजारीण म्हणाली, "मुलगे उशिराच बोलतात." कोणी वेखंड जिभेला लावायला सांगितलं, कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू खायला द्यायला सांगितला. मी दोन्ही केलं. नवसही बोलले.

आणि एक सांगते, माघी उत्सवात ढोल वाजला की हा नाचायचा. म्हणून सगळे म्हणत, कान तर चांगलेच आहेत. ढोल छातीत घुमतो, पायाखालची जमीन हलते, ते बहिऱ्या माणसालाही जाणवतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तो एक वर्ष आठ महिन्यांचा असताना आमच्या अंगणवाडीच्या सेविकाताईंनी विचारलं, "वहिनी, ह्याचा कान तपासलाय का?" बायांनो, मला इतका राग आला! माझ्या पोराला बहिरा म्हणते? मी दोन महिने अंगणवाडीचं तोंड पाहिलं नाही. तपासणीचं पथक गावात येणार असं कळलं, तेव्हा मी त्याला घेऊन माहेरी गेले. काम काही नव्हतं. चार बायांसमोर कोणी काही बोलू नये, एवढ्यासाठी गेले.

पथक पुन्हा आलं सहा महिन्यांनी. त्या मधल्या काळात एक दिवस काय झालं, हा ओट्याकडे पाठ करून खेळत होता आणि सासूबाईंच्या हातून पितळी परात खाली पडली. मी दचकले, लेक दचकली, मांजर पळालं. ह्याने मान वळवली नाही. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याच म्हणाल्या, "सूनबाई, ह्याला दाखवायला हवं." त्या दिवसानंतर त्यांनी "बाप उशिरा बोलला" हे वाक्य पुन्हा काढलं नाही.

पुढच्या पथकाने कागद दिला, आम्ही अलिबागला गेलो, तिथून मुंबईला. अडीच वर्षांचा असताना तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. दोन वर्षं नऊ महिन्यांचा झाला तेव्हा कानाला यंत्रं लागली. यंत्रं लावली त्या दिवशी परत येताना एसटीत तो सारखा खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, बाहेर बघतोय. तो खिडकीच्या काचेचा खडखडाट ऐकत होता.

आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. बोलतो. "स" आणि "श" अजून नीट येत नाही, गोंगाटात ऐकायला त्रास होतो, बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलंय. भांडतो, खोटं बोलतो, सगळं करतो. मी रडत नाही आता. पण कधी रात्री हिशेब करते. ते माहेरचे आठ दिवस मला सहा महिन्यांना पडले. तीच थकबाकी. आणि ती मी भरली नाही, पोराने भरली.

म्हणून आज मी इथे उभी आहे.

आता तुम्ही विचाराल, ताई, कुठल्या पोराची काळजी करायची आणि कुठल्याची नाही? सगळी पोरं सारखी थोडीच असतात? बरोबर आहे. सारखी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली बाळं पाहिली होती, त्यात आपल्या भारतातली, दिल्लीची बाळं पण होती. चांगली खातीपिती, निरोगी बाळं. त्यांतलं कोणी आठ महिन्यांचं होऊन चाललं, तर कोणी साडेसतरा महिन्यांचं होऊन. दोघंही ठीक. म्हणून शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, ह्याने झोप उडवून घ्यायची नाही. शेजारणीचं पोर हे आपलं माप नव्हे.

मग माप कुठलं? ते तुमच्या घरातच आहे. गरोदरपणात मिळालेलं माता बाल संरक्षण कार्ड. आपण ते लसीसाठी काढतो आणि पिशवीत ठेवून देतो. त्यात चित्रं काढून दिली आहेत, कितव्या महिन्यात बाळ काय करतं. आज घरी गेल्यावर ते कार्ड काढा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. मी मोजक्या खुणा सांगते, त्या लक्षात ठेवा.

दोन-तीन महिने: तुमच्या तोंडाकडे बघून हसतं. मोठ्या आवाजाला दचकतं. मान धरायला लागतं.

सहा महिने: आवाज येईल तिकडे वळून बघतं. हुंकार देतं, तुम्ही बोललात की तेही आवाज काढतं.

नऊ महिने: आधाराशिवाय बसतं. "बाबाबा", "दादादा" असं सलग बडबडतं. स्वतःचं नाव ऐकून वळतं.

एक वर्ष: टाटा करतं, हात पुढे करून "घे" म्हणतं, एखादा शब्द अर्थाने वापरतं.

दीड वर्ष: चालतं. हवी ती वस्तू बोटाने दाखवतं. "वाटी आण" म्हटलं की आणतं. चार-सहा शब्द असतात.

दोन वर्षं: दोन शब्द जोडतं. "दूध दे", "बाबा गेला".

तीन वर्षं: लहान लहान वाक्यं बोलतं आणि परक्या माणसालाही त्यातलं बरंच कळतं.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. दीड महिना आधी आलेल्या बाळाला दीड महिना उशीर माफ आहे.

यातली एखादी खूण दोन-चार आठवडे मागेपुढे झाली तर घाबरू नका. पण काही गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही. त्या नीट ऐका. वर्षाचं झालं तरी बडबडत नाही, बोटाने दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा-अठरा महिने झाले तरी अर्थाचा एक शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही. नावाने हाक मारली तरी वळत नाही, डोळ्यांत बघत नाही. अठरा महिने झाले तरी चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी बोलत होतं ते बोलणं थांबलं, येत असलेलं गेलं. हे कुठल्याही वयात झालं तरी दुसऱ्याच दिवशी दाखवायचं.

आता पोर बोलत नाही म्हटल्यावर आपण पहिलं काय बघतो? जीभ. "जीभ जड आहे", "जीभ चिकटलेली आहे, कापायला हवी." बायांनो, पहिलं बघायचा तो कान. पोर जे ऐकतं तेच बोलतं. ऐकलंच नाही तर बोलणार कुठून? आणि कमी ऐकू येणं म्हणजे अजिबात न ऐकू येणं असं नसतं. काही पोरांना कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं, पण हळू आवाजातला शब्द ऐकू येत नाही. सारखी सर्दी होणाऱ्या पोरांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, तेव्हा पण कमी ऐकू येतं आणि ते औषधपाण्याने, उपचाराने बरं होऊ शकतं. कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नका, कोमट करूनसुद्धा नाही. डॉक्टरला दाखवा.

घरी एवढं करून बघा. पोर खेळात असताना मागून, त्याला दिसणार नाही असं उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. टाळी वाजवू नका, टाळीचा वारा लागतो. पाय आपटू नका, जमीन हलते. सावली पडू देऊ नका. वळलं नाही तर तपासायला न्या. आणि वळलं तरी मनात शंका असेल तर न्याच. घरची ही परीक्षा शंका धरण्यासाठी आहे, शंका सोडून देण्यासाठी नाही.

कानाची खरी तपासणी दुखत नाही. जन्मलेल्या बाळाचीही होते. बाळ झोपलेलं असताना कानात बारीक बोंडूक घालतात, यंत्र आवाज सोडतं आणि कानाकडून उत्तर येतं का ते बघतं. त्याला ओएई म्हणतात. पुढची तपासणी बेरा, डोक्याला छोट्या पट्ट्या चिकटवून, झोपेतच. सुई नाही, कापाकापी नाही. डॉक्टर लोकांचा एक नियम आहे, एक-तीन-सहा. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. मी माझ्या पोराचं बघितलं तर कुठे सहा महिने आणि कुठे पावणेतीन वर्षं! तुमच्या घरी कोणी गरोदर असेल तर बाळंतपण होईल तिथे आधीच विचारून ठेवा, "बाळाचा कान तपासाल का?"

आता जायचं कुठे? दारात आशाताई येतात. बाळंतपणानंतर तर येतातच, पण पुढेही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्यांची भेट ठरलेली आहे. आपण त्यांना काय विचारतो? वजन किती आणि लस कधी. तेवढ्यावर सोडू नका. "ताई, बोलण्याचं बघा ना" असं सांगा.

दुसरं, अंगणवाडी. ही अंगणवाडी आपल्याच किनारपट्टीने देशाला दिलेली गोष्ट आहे बरं का. 1945 साली ताराबाई मोडकांनी पलीकडे बोर्डीला गावातल्या पोरांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा विचार. आणि मी मात्र अंगणात आलेल्या बाईवर रुसून बसले होते. तुम्ही रुसू नका. सेविका दहा-वीस पोरं एकत्र बघते. आपल्याला घरात जे दिसत नाही ते तिला दिसतं.

तिसरं, पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 साली सुरू झाला. डॉक्टर, नर्स, औषधवाले असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एकदा येतं. जन्मतःचे दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर, हे चारही ते बघतात. पुढचे उपचार लागले तर तेच पाठवतात आणि त्याचा खर्च आपल्यावर पडू नये अशी सोय त्यात आहे. फक्त त्या दिवशी पोर अंगणवाडीत हवं. वर्षातले दोन दिवस!

मग जिल्हा रुग्णालय अलिबागला. वाकण, नागोठणे करत जायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. पण 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ते याच कामाला वापरा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, 1983 सालापासून ऐकण्या-बोलण्याचंच काम करते. श्रवणयंत्रं गरजूंना देण्याची सरकारी योजना आहे आणि ज्या लहानग्यांना यंत्राने भागत नाही त्यांच्या कानाच्या शस्त्रक्रियेलाही त्यात मदत मिळते. पण तिला वयाची अट आहे, पाच वर्षांच्या आतली. म्हणजे सरकारही सांगतंय, उशीर करू नका.

आणि कान चांगला निघाला तरी काम संपत नाही. कोणाला स्वमग्नता असते, कोणाची समज हळू वाढते, कोणाचे स्नायू कमी साथ देतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात स्वमग्नताही आहे आणि वाणीचा अडथळाही आहे. नाव ऐकून घाबरू नका. नाव कळलं की दार कळतं, कुठल्या दारात जायचं ते.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्ही सगळ्याच घाबरून घरी जाणार नाही. माझ्या जावेची मुलगी. दोन वर्षं झाली, दोन शब्द जोडत नव्हती. या वेळी मी गप्प बसले नाही. जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात झालं म्हणून सगळीकडे तेच दिसतं तुम्हाला." लागलं मला ते. पण गेलो आम्ही. कान उत्तम. खेळते, बोटाने दाखवते, सगळं समजतं. ताईंनी घरी काय करायचं ते शिकवलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. अडीच वर्षांची झाली आणि अशी सुरू झाली, की आता थांबत नाही. मग आमची ती खेप फुकट गेली का? एक दिवसाची मजुरी गेली आणि सहा महिन्यांची काळजी गेली. मला तर हा सौदा स्वस्त वाटतो.

घरी काय करायचं शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. यासाठी पैसा लागत नाही, खेळणी लागत नाहीत.

कामं करता करता बोला. "आता तांदूळ धुते. हे बघ पाणी. पाणी गार आहे." पोराच्या उंचीवर बसून, तोंड त्याला दिसेल असं. बोलून झालं की थांबा. मनात पाच आकडे मोजा. आपण बाया थांबतच नाही, पोराने उत्तर द्यायच्या आधी आपणच उत्तर देतो. त्याने "दू" म्हटलं तर हसू नका, "दूध? दूध हवं? घे दूध" म्हणा. तो एक शब्द बोलला, तुम्ही दोन बोला. तो दोन बोलला, तुम्ही तीन. बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका, आधी तिचं नाव घ्या. जात्यावरच्या ओव्या आता कोणी म्हणत नाही, पण आज्यांना येतात. म्हणायला लावा. बडबडगीतं म्हणा, शेवटचा शब्द सोडा आणि पोर तो भरतं का बघा.

घरची भाषा बंद करू नका. कोणी सांगतं, कातकरी बोलू नका, आगरी बोलू नका, शाळेची मराठी बोला, नाहीतर पोर गोंधळेल. दोन भाषांनी पोर मुकं होत नाही. तुम्हाला जी भाषा पोटातून येते तिच्यातच तुम्ही जास्त बोलणार, आणि पोराला बोलणं जास्त मिळायला हवं.

आणि मोबाईल. हे माझ्याच गालावर मारून घेतल्यासारखं आहे, पण सांगते. माझ्या पोराचा कान मोबाईलने बिघडला नाही. पण मोबाईल होता म्हणून मला दीड वर्ष कळलं नाही, की हा माझ्याशी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पुढे दिवसाला तासाच्या आत. मोबाईल बोलतो, पण थांबत नाही आणि ऐकत नाही. बोलायला शिकायचं तर समोर ऐकणारं माणूस लागतं.

आता थोडं सासूबाईंसाठी आणि आज्यांसाठी. पोर बोललं नाही की पहिलं बोट सुनेकडे जातं. "ग्रहणात विळी हातात घेतलीन." "पोटुशी असताना उपास केलेन." "पोराकडे बघत नाही, गटाच्या मीटिंगा करत फिरते." हे मी ऐकलंय. ग्रहणाने कोणाचे कान जात नाहीत. पण हे टोमणे ऐकून सून पोराला लपवते, जशी मी लपवलं. दोष दिलात की पोर पडद्यामागे जातं. तेव्हा टोमणा मारू नका, सोबत चला. माझ्या सासूबाई अलिबागच्या प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर आल्या. पोराला मांडीवर झोपवून बेरा करून घेतली ती त्यांनीच. पुरुषांनाही सांगा, एक खेप तुमची. डॉक्टरांचं बापानेही ऐकलं पाहिजे.

आणि नवस? नवस करू नका असं मी म्हणणार नाही. मी पालीत राहते. आपला बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांतला एकच गणपती, ज्याला भक्ताचं नाव आहे. आणि तो भक्त कोण? बल्लाळ, एक लहान पोर. मोठ्या माणसांनी त्याचं ऐकलं नाही, बापाने मारलं, झाडाला बांधून ठेवलं. त्याची हाक देवाने ऐकली. ज्या गावाचा देव पोराच्या नावाचा, त्या गावात पोराच्या न बोलण्याकडे कोणाचं लक्ष नसावं, हे बरं दिसत नाही. नवस करा, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंना फोन करा.

शेवटी तीन ठराव मांडते. अध्यक्षताईंना विनंती आहे, हे प्रत्येक ग्रामसंघाने वहीत लिहून घ्यावेत.

एक. प्रत्येक गटाच्या वहीत एक पान पोरांचं. सदस्यांच्या घरातली तीन वर्षांखालची सगळी पोरं, जन्मतारीख आणि महिन्याला एक खूण: ऐकतं का, बोलतं का, चालतं का. ज्या दिवशी बचत गोळा होते त्याच दिवशी हे पान भरायचं. दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण आहेच, ते नुसतं पाठ म्हणायला नाही.

दोन. पथकाची तारीख सेविकेकडून आधी घ्यायची आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची. त्या दिवशी एकही पोर घरी राहणार नाही. ज्या बहिणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात त्यांच्या पोरांना जाण्याआधी दाखवून घ्यायचं आणि कार्ड त्यांच्या बोचक्यात आहे का, ते गटाने बघायचं. भट्टीच्या गावातही अंगणवाडी असते, तिथे ते कार्ड दाखवायचं.

तीन. अलिबागला, मुंबईला जायचं भाडं नाही म्हणून कोणी थांबणार नाही. गटातून अंतर्गत कर्ज द्या, नाहीतर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून द्या. आणि सोबत एक बाई द्या. एकटी गेली तर अर्ध्या वाटेवरून परत येते, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

माझं बोलणं संपलं. परवा माझा धाकटा मला म्हणाला, "आई, तू भाषणात माझं नाव घेणार काय?" मी म्हटलं, "नाही रे, नाव नाही घेणार." तर म्हणतो, "मग काय सांगणार?" मी म्हटलं, "सांगणार, की तू मला उशिरा ऐकू आलास."

घरी गेल्यावर कार्ड काढा. आजच काढा.